ओझे आमच्या खांद्यावर, प्रशिक्षण कुणाला?

दरवर्षी १० मार्चला आपण सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. भाषणे होतात. प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, हे सांगताना वक्त्याचा कंठ दाटून येतो. दाटलाच पाहिजे. पण सभा संपते आणि एक प्रश्न तसाच मंडपात राहतो. माई ज्या दवाखान्याकडे त्या मुलाला घेऊन निघाल्या होत्या, तो दवाखाना तिथे आला कुठून? तो कुणी उभारला, कुठे उभारला आणि तिथेच का?

हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण त्याग आठवायला सोपा असतो आणि यंत्रणा आठवायला अवघड. आपल्या समाजाला त्यागाचे कौतुक भरपूर मिळाले आहे. साथ असो, भूकंप असो, पूर असो, सर्वांत आधी घाणीत, चिखलात आणि प्रेतांत उतरणारे हात आपल्याच वस्त्यांतून आले. त्या हातांना प्रशिक्षण, साधन, दर्जा आणि निर्णयाचा अधिकार मात्र मिळाला नाही. हा योगायोग नाही, त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे.

शहर पळाले तेव्हा कोण थांबले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर होती. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. ज्यांना गाव होते ते गावी गेले, ज्यांच्याकडे पैसा होता ते मोकळ्या हवेत राहायला गेले.

ऑक्टोबरमध्ये महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी कडक हुकूम काढला. रोगी दिसला की सक्तीने इस्पितळात हलवायचा. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर आयुक्तांना सक्ती सैल करावी लागली. त्यामागे एक मोठी भीती होती आणि ती सरकारदरबारी नोंदली गेली आहे. शहरातले हलालखोर आणि झाडूवाले घाबरून निघून गेले, तर मुंबईत एक दिवसही राहता येणार नाही, ही ती भीती.

हे नीट समजून घ्या. साम्राज्याचे दुसऱ्या क्रमांकाचे म्हणवणारे शहर, बंदर, गिरण्या, कचेऱ्या, हे सारे मैला उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यावर उभे आहे, हे सरकारला १८९६ सालीच कळले होते. मग या माणसाला रोगापासून स्वतःला कसे वाचवायचे हे शिकवावे, त्याला आरोग्य खात्याचा माणूस म्हणून मान द्यावा, असे कुणाच्या मनात आले का? सरकारला काळजी एकच होती, तो पळून जाता कामा नये. उपयोग मान्य आणि माणूसपण अमान्य, हाच जातिव्यवस्थेचा जुना हिशेब आहे. गोऱ्या साहेबाने तो न शिकवता उचलला.

कायदा आला, शिपाई आले, शिक्षण आले नाही

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चिमुकला कायदा, अवघ्या चार कलमांचा. सरकारला विशेष उपाय योजण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि कायद्याखाली काम करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण. साथीशी लढणाऱ्या माणसाला तयार कोण करणार, याबद्दल त्यात एक शब्द नाही. हाच कायदा घेऊन आपण २०२० च्या कोरोनाला सामोरे गेलो.

पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून रँड आले आणि घरझडतीचे काम गोऱ्या पलटणीच्या शिपायांना दिले गेले. ज्यांना इथली भाषा येत नाही, इथले घर माहीत नाही, रोग कसा पसरतो हेही माहीत नाही, असे लोक आरोग्य कर्मचारी झाले. तेव्हा हे विज्ञानही अर्धवटच होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत दाखवले, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. ज्ञान अपुरे असताना बंदूकवाल्याला पाठवले की काय होते, ते पुण्याने पाहिले.

पाठ्यपुस्तकातला इतिहास इथे थेट २२ जून १८९७ च्या रात्रीवर उडी मारतो. रँडवर गोळ्या झाडल्या, खटला चालला, फाशी झाली. त्या साथीत पुण्याच्या आसपासच्या महारवाड्या-मांगवाड्यांतल्या रोग्यांची शुश्रूषा कुणी केली, याला पाठ्यपुस्तकात जागा नाही. देवघर बाटल्याचा संताप इतिहास झाला, आणि शुश्रूषा विस्मरणात गेली.

माईंची वीस वर्षांची तयारी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तो दवाखाना पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात होता. माईंनी डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि गावाबाहेर मोकळ्या जागी प्लेगच्या रोग्यांसाठी तो सुरू केला. यात किती गोष्टी आल्या ते पाहा. वस्तीपासून दूर जागा म्हणजे विलगीकरण. प्रशिक्षित डॉक्टर. रोगी शोधून आणणारी माणसे. कुठल्याही जातीचा रोगी आला तरी दार उघडे. आज आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात फळ्यावर लिहितात त्यातले बरेच काही त्या मळ्यात होते.

हे एका रात्रीत सुचलेले नव्हते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हापासून बाळंतपण आणि तान्ह्या मुलांची देखभाल त्या करत होत्या. यशवंत याच कामातून त्यांच्या पदरात आला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे उघडली, धनकवडीत उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. माई स्वतः जुन्नर भागात फिरत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात दुष्काळाची आणि मदतकार्याची हकीकत आहे.

म्हणजे प्लेग आला तेव्हा माईंच्या गाठीशी वीस वर्षांचा आपत्तीचा अनुभव होता. त्यांना फक्त करुणामूर्ती म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शाळा चालवणारी बाई संस्था चालवू शकत होती, दुष्काळात माणसे आणि धान्य यांचा मेळ घालू शकत होती, साथीत दवाखाना उभारू शकत होती. त्या हुतात्मा झाल्या, कारण त्यांच्या काळात पिसवेपासून वाचण्याचे साधन आणि ज्ञान कुणाकडेच नव्हते. आज ते ज्ञान आहे. तरीही आपला माणूस उघड्या हातांनी मरत असेल, तर त्याला हौतात्म्य म्हणणे ही लबाडी आहे. तो निष्काळजीपणाचा बळी आहे.

एका चिमट्याची किंमत

प्रशिक्षण म्हणजे कागदी सोपस्कार, असे ज्यांना वाटते त्यांनी मुलकोवाल आठवावे. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. आज परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ लोकांना ही लस टोचली गेली. एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले.

दोष प्रयोगशाळेवर ढकलला गेला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुरावे तपासल्यावर दिसले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले.

एक चिमटा आणि १९ जीव. तो मदतनीस दुष्ट नव्हता. साहेबाच्या हाताखालच्या माणसाला किती शिकवायचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेने 'कामापुरते' असे दिले होते. आपत्तीत साखळीतला सर्वांत खालचा माणूस जेवढा शिकलेला असतो, तेवढीच ती साखळी मजबूत असते. खालच्या माणसाला अडाणी ठेवणारी जातिव्यवस्था म्हणून फक्त दलितांना मारत नाही. ती सगळ्यांना मारते. मात्र सर्वांत जास्त आणि सर्वांत आधी कुणाला मारते, त्याचा आकडाही उपलब्ध आहे.

१९१८ चा आकडा तोंडपाठ करा

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. मुंबई शहरात समाजवार मृत्युदर नोंदवला गेला. युरोपीय लोकांत दर हजारी ८.३. पारशांत ९. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि ज्यांना कागदावर 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात ६१.६.

एकच शहर, एकच हवा, एकच विषाणू. तरी सवर्ण हिंदूच्या तिप्पट आणि युरोपीयाच्या सातपटीहून जास्त मरण आपल्या वाट्याला आले. 'साथीला जात नसते' असे म्हणणाऱ्यांपुढे हे आकडे ठेवा. विषाणूला जात नसते हे खरे, पण खोलीला असते, पाण्याच्या नळाला असते, पगाराला असते. इस्पितळाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेलाही असते.

बाबासाहेबांनी दाखवलेली दिशा

बाबासाहेबांनी हा प्रश्न दयेच्या भाषेत कधी मांडला नाही. १९३५ साली त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. सफाई कामगार आधी कामगार आहे आणि त्याला संघटनेचा हक्क आहे, हा त्याचा पाया होता. १९३८ साली संपाचा हक्क आवळणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा त्यांनी विधिमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष रस्त्यावर उतरला. काम सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर ते काम सेवा ठरत नाही, ती गुलामीच असते. १८९६ च्या आयुक्ताच्या भीतीला दिलेले हे चाळीस वर्षांनंतरचे उत्तर होते.

दुसरी दिशा तंत्रशिक्षणाची. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. 'शिका' याचा अर्थ त्यांच्या लेखी फक्त पदवी असा नव्हता. जिथे निर्णय होतात त्या खुर्चीपर्यंत नेणारे ज्ञान, असा तो अर्थ होता.

तिसरी दिशा आपत्तीची. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी फक्त बंधारे बुजवण्यावर भागवले नाही. पूरनियंत्रण, सिंचन, वीज असा एकत्र विचार असलेली दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. त्यातून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. आपत्ती आल्यावर धावण्याइतकेच ती येण्याआधी तयारी करणे महत्त्वाचे, ही दृष्टी पूरग्रस्तांना वाटलेल्या चादरींत मावत नाही.

नागपूरच्या दोन गोष्टी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच, २९ एप्रिल १९५७ रोजी, त्याच नागपुरात केंद्र सरकारची आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुढे ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. म्हणजे देशाला आपत्तीचे शिक्षण देणारी शाळा आपल्या दीक्षाभूमीच्या शहरात आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? दोष कुणाला देत नाही. पण हे ठाऊक नसणे आपल्याला परवडणारे नाही.

किल्लारीपासून कोरोनापर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे मेली. पुनर्वसनात घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखीच पाडली होती. उभी करताना मात्र गावाची जुनी उतरंड मोजमाप घेऊन सिमेंटमध्ये बांधली गेली.

वर्षभराने, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली. सुरतेतून लाखो लोक पळाले, अनेक खासगी डॉक्टर दवाखाने बंद करून गेले. कचरा उचलायला सफाई कामगार होतेच. पुढे सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. त्यासाठी अधिकाऱ्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण झाडू ज्याच्या हातात होता, त्याचे नाव कुणी लिहिले?

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमला प्रेते काढण्यासाठी इतर नगरपालिकांतून दलित सफाई कामगार आणले गेले. अनेकांना हातमोजे नाहीत, मास्क नाहीत, बूट नाहीत. प्रेते हाताळणे हे कौशल्याचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस यांच्या सहभागाने २००६ साली यावर क्षेत्रीय मार्गदर्शिका निघाली. प्रत्येक मृतदेहाला क्रमांक, छायाचित्र, वस्तूंची नोंद, हाताळणाऱ्याला हातमोजे आणि बूट, हात धुण्याची सोय, असे सारे त्यात आहे. म्हणजे जगाच्या लेखी हे शास्त्र आहे. आपल्या देशात ते एका जातीचे 'काम' आहे. शास्त्र शिकवावे लागते, पण जातीचे काम जन्मानेच येते असे धरले जाते. सगळी गफलत इथे आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस पसरला. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून शिरणारा हा रोग. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या कामगाराला गमबूट आणि डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी मिळाली तर तो बऱ्याच अंशी टळतो. प्रशिक्षण म्हणजे हेच. आपल्याला धोका कशापासून आहे, काय घालायचे, काय मागायचे आणि ते मिळाले नाही तर कुणाला जाब विचारायचा.

त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात असले पाहिजे. पण त्याची मर्यादाही ओळखा. ते मदत घेणाऱ्याबद्दल बोलते, मदतीला उतरणाऱ्याबद्दल नाही.

मग कोरोना आला. आशा ताई घरोघर फिरल्या. आशा म्हणजे साधारण हजार वस्तीमागे एक, गावातलीच बाई, सरकारच्या लेखी कर्मचारी नाही तर मानधनावरची स्वयंसेविका. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा सरकारला मानधन वाढवावे लागले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा गौरव केला. जगाने सन्मान दिला, पण नेमणुकीचे पत्र इथून अजून यायचे आहे.

एक आक्षेप

आपल्यातलेच काही जण विचारतील, "सफाईच्या कामाचे प्रशिक्षण कशाला मागता? बाबासाहेबांनी तर घाणीची कामे सोडा म्हटले." आक्षेप गंभीर आहे, त्याला पळवाट काढून चालणार नाही.

गटारात माणूस उतरवण्याचे प्रशिक्षण आपल्याला नको. ती प्रथा बंदच झाली पाहिजे. १९९३ चा कायदा, २०१३ चा कायदा आणि २७ मार्च २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेच सांगतो. गटारातील मृत्यूची भरपाई न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली, पण भरपाई म्हणजे सुटका नव्हे. आपली मागणी अशी आहे की आपत्तीतील स्वच्छता, प्रेत व्यवस्थापन, पाणी शुद्धीकरण आणि रोगी शोधणे ही सारी सार्वजनिक आरोग्याची तांत्रिक कामे मानावीत. ती शिकवावीत, त्यांना पद आणि पगार द्यावा आणि ती सर्व जातींसाठी खुली असावीत. काम प्रशिक्षणाने मिळू लागले की ते जन्माने मिळत नाही. जोपर्यंत ते विनाशिक्षण आहे, तोपर्यंत ते जातीचे राहणार. म्हणून प्रशिक्षणाची मागणी ही जातिअंताचीच मागणी आहे.

आता काय करायचे?

पहिले, आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत माहिती अधिकारात विचारा. आपत्ती आराखड्यात सफाई कामगारांचे, कंत्राटी कामगारांसह, प्रशिक्षण लिहिले आहे का? शेवटचे कधी झाले? किती जणांचे? कोणती साधने दिली? कागद हातात आला की लढाई सुरू होते.

दुसरे, सफाई कामगार आणि आशा यांना आरोग्य कर्मचारी म्हणून नेमणूक, लसीकरण, विमा आणि प्रमाणपत्र मिळावे, ही मागणी प्रत्येक कामगार संघटनेच्या निवेदनात पहिल्या पानावर आणा.

तिसरे, स्वतः शिका. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात उभे राहिलेले समता सैनिक दल शिस्तीसाठी ओळखले गेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी सांभाळणारे आपले तरुण आहेतच. त्यांना प्रथमोपचार, गर्दीचे व्यवस्थापन, पूरबचाव आणि पाण्यात क्लोरीन किती टाकायचे याचे रीतसर शिक्षण मिळाले, तर प्रत्येक वस्तीत एक तयार पथक उभे राहील. नर्सिंग, साथरोगशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन या अभ्यासक्रमांकडे आपली मुले-मुली वळली पाहिजेत. नियंत्रण कक्षात आपला माणूस नसेल, तर नकाशावर आपली वस्ती शेवटीच येणार.

माईंनी पाठीवर फक्त एक मूल नेले नव्हते. रोग्यापर्यंत पोहोचणारी एक व्यवस्था त्यांनी स्वतःच्या पायांवर चालवली होती. येत्या १० मार्चला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी आपल्या वस्तीत प्रथमोपचाराचा एक वर्गही सुरू करा. माईंची परंपरा त्या वर्गातून पुढे जाईल.

जय जोती! जय क्रांती! जय भीम!